घरात वाढवलेली मिरची-वांग्याची रोपे उघड्यावर आणताच पाने पांढरी पडली. रोपे कणखर करण्याची रीत कोणती?

परसूवाली, फोंडा (१ फेब्रुवारी)

नमस्कार. माझे घर फोंडा तालुक्यात असून घरामागे चार-पाच वाफ्यांचा लहानसा परसू आहे. आजवर मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून रोपांच्या जुड्या आणून लावत असे. यंदा मात्र बियाणे घरीच रुजवायचे ठरवले आणि ११ डिसेंबरला कोकोपीट व गांडूळखत मिसळून भरलेल्या ट्रेमध्ये मिरची, वांगी व टोमॅटो पेरले. उंदरांच्या आणि खारींच्या भीतीने ते ट्रे मी काचेच्या सरकत्या खिडक्या असलेल्या बाल्कनीत ठेवले. उगवण उत्तम झाली. पुढे रोपे काळ्या पिशव्यांत हलवली आणि जानेवारीच्या अखेरीस माझ्याकडे ३६ हिरवीगार रोपे तयार होती. त्यांतील टोमॅटो तेवढे खिडकीकडे मान वाकवून उंच झाले होते.

गेल्या आठवड्यात सकाळी चांगलाच गारवा होता. हवा गार आहे तेव्हा रोपांना बाहेर नेण्यास हाच काळ योग्य, असा विचार करून मी १४ रोपे एकदम उचलली आणि अंगणातील चिऱ्याच्या कठड्यावर मांडली. पहिल्या दिवशी दुपारी ती मलूल झाली, म्हणून भरपूर पाणी घातले. तिसऱ्या दिवशी वरच्या पानांवर पांढरट चट्टे उमटले आणि पाचव्या दिवशी ती पाने भाजलेल्या पापडासारखी करकरीत होऊन बोटांत चुरू लागली. पाच रोपे गेली, नऊ कशीबशी तग धरून आहेत, आणि उरलेली २२ अद्याप बाल्कनीतच आहेत.

रोपे हळूहळू बाहेरच्या हवेला सरावू द्यावीत, हे मी वाचले होते. परंतु वाचलेल्या सर्व सूचना थंड देशांतील वसंत ऋतूच्या होत्या: रात्रीचे तापमान १० अंशांच्या वर गेल्याखेरीज रोप बाहेर ठेवू नये, गोठवणाऱ्या रात्री संपेपर्यंत थांबावे, वगैरे. आमच्याकडे पारा १० अंशांपर्यंत उतरतच नाही. मग हा सराव आपल्याला लागू आहे की नाही? लागू असल्यास किती दिवसांचा, आणि त्या काळात पाणी व खत किती द्यावे? यांतील सहा रोपे हरमलला माझ्या बहिणीकडे जायची आहेत आणि तिचे घर समुद्रापासून फार दूर नाही. त्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागेल का, हेही कृपया सांगावे.

कुळागर, डिचोली (१ फेब्रुवारी)

ताई, आपली रोपे उन्हाने भाजली आहेत, थंडीचा येथे काहीही संबंध नाही. किंबहुना त्या गारव्यानेच आपल्याला फसवले. जानेवारीत आपल्याकडे आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि सकाळी घाटाकडून मतलई वारा वाहतो. आपल्या अंगाला ते सगळे सुखद वाटते. मात्र बाल्कनीत वाढलेल्या पानाच्या दृष्टीने तो दिवस फार कठीण असतो. भर उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्सपर्यंत पोहोचतो, आणि खिडकीआड त्याचा दहावा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ झाला. शिवाय साधी काच अतिनील किरणांचा बराचसा भाग अडवते. त्यामुळे अशा पानाची त्वचा पातळ राहते, तिच्यावरचा मेणाचा थर अपुरा असतो आणि त्याची पर्णरंध्रे वाऱ्यापुढे वेळेवर मिटण्यास शिकलेली नसतात. बंद बाल्कनीत वारा नसल्याने खोडही लवचीक व कोवळे राहते. आपण एकाच सकाळी तिन्ही गोष्टी बदलल्या, म्हणजे ऊन, वारा आणि कोरडी हवा. वर पिशव्या काळ्या, आणि चिऱ्याचा कठडा दुपारी किती तापतो ते अनवाणी चालणाऱ्यास विचारावे. मुळांनाही खालून चटका बसला असणार.

तेव्हा सराव आपल्यालाही लागू आहेच, मात्र त्याचा क्रम वेगळा. तिकडे रात्रीची भीती असते, म्हणून रोज संध्याकाळी रोपे आत घेतात. आपल्याकडे रात्र ही रोपाची मैत्रीण असून दुपार वैरीण आहे, म्हणून रोपे रात्री निःशंकपणे बाहेर ठेवावीत आणि दुपारी जपावीत.

माझी रीत अशी. पहिले दोन-तीन दिवस रोपे बाहेर पण पूर्ण सावलीत ठेवावीत, जिथे आकाश दिसते परंतु सूर्य दिसत नाही अशा ठिकाणी. घराच्या उत्तरेकडील भिंतीलगतची जागा यासाठी उत्तम असते, कारण या दिवसांत आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडून जातो. वाऱ्याची झुळूक लागावी, झोत लागू नये. त्यानंतर सकाळी साडेआठपर्यंतचे ऊन द्यावे. दोन दिवसांनी ते दहापर्यंत, आणखी तीन दिवसांनी दुपारी बारापर्यंत वाढवावे. दुपारनंतरचे ऊन सर्वांत शेवटी. संध्याकाळचे म्हणून चारचे ऊन पुष्कळ जण लवकर देतात, पण त्या वेळी हवा दिवसभर तापलेली आणि पिशवी कोरडी असते, त्यामुळे सकाळी नऊच्या उन्हापेक्षा ते अधिक जाचते. असे दहा ते बारा दिवस धरावेत. घाईच असेल तर माडाखाली ठेवावीत, झावळ्यांची सावली सतत सरकत असल्याने कोणत्याही पानावर ऊन फार वेळ ठरत नाही. (नारळ पाडून घेतलेला माड निवडावा. मी एकदा १२ वांगी एका नारळापायी गमावली आहेत.)

भाजलेली नऊ रोपे टाकू नका. मधला शेंडा हिरवा आहे का तेवढे पाहावे. असेल तर पांढरी झालेली पानेही तशीच राहू द्यावीत. त्यांचा जो भाग हिरवा उरला आहे तो रोपाला अन्न पुरवतो आणि करपलेला भागदेखील खालच्या पानांवर थोडी सावली धरतो. ती पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत. उघड्यावर फुटणारी नवी पाने मात्र जन्मतःच जाड असतील, आणि खरा सराव त्यांचाच होत असतो.

पाण्याविषयी: या काळात रोज ठरावीक पाणी न घालता पिशवी उचलून पाहावी. हलकी लागली तरच पाणी, आणि तेही सकाळी. किंचित ताण दिल्याने रोपाची वाढ मंदावते व खोडात साठा होतो, पण पाने लोंबण्याइतका ताण देऊ नये. नत्रयुक्त खत लावणीच्या आधी किमान आठवडाभर बंद ठेवावे, कारण युरियावर लुसलुशीत झालेले रोप उन्हात सर्वांत आधी माना टाकते.

मडगावची, सध्या एडिनबरा (२ फेब्रुवारी)

परसूवाली ताईंनी ज्या सूचना वाचल्या त्या माझ्यासारख्यांसाठी लिहिलेल्या असतात, म्हणून त्यांमागची कारणे सांगते. स्कॉटलंडमध्ये एप्रिलमध्ये दुपारी १० ते १२ अंश आणि रात्री दोन-तीन अंश ही नेहमीची गोष्ट आहे, आणि निरभ्र, निर्वात रात्री हवा दोन अंशांवर असतानाही जमिनीलगत दंव गोठू शकते. टोमॅटो, मिरची, वांगी ही मूळची उष्ण प्रदेशांतील झाडे असल्याने त्यांना कितीही सराव दिला तरी गोठणे सोसत नाही. तो गुण त्यांच्यात नाहीच. कोबीचे तसे नसते. थंडीत हळूहळू सरावलेल्या कोबीच्या पेशींत साखर साठत जाते आणि ते रोप शून्याखाली काही अंशांपर्यंत तरते. म्हणून मी कोबीचे ट्रे एप्रिलमध्येच बाहेर काढते, तर टोमॅटो मेअखेरीपर्यंत रोज सकाळी बाहेर आणि रोज संध्याकाळी आत, असे हमालासारखे वाहत असते. ज्यांना ते जमत नाही ते काचेच्या झाकणाची बिनतळाची पेटी वापरतात. दिवसा झाकण थोडे थोडे अधिक उघडायचे, रात्री बंद करायचे, आणि शेवटच्या आठवड्यात रात्रीही उघडेच ठेवायचे.

कुळागरकाकांचे बहुतेक म्हणणे पटले, तरी दोन गोष्टींत थोडी भर घालावीशी वाटते. पहिली अशी की थंडीचा संबंध अगदीच नसतो असे नाही. मिरचीची वाढ १५ अंशांखाली जवळजवळ थांबते. सत्तरीत, वाळपईच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी, जानेवारीतील पहाट किनाऱ्यापेक्षा बरीच गार असते. तेथील रोपे पहाटेच्या गारव्यात आणि ओल्या मातीत राहिली तर मुळे पाणी उचलण्यात मंद होतात, आणि लगेच नऊचे ऊन आले की पानांतून पाणी जाते पण खालून पुरवठा होत नाही. तेथे संध्याकाळी पाणी घालू नये.

दुसरी गोष्ट उन्हाची. येथील वसंतातील ऊन आपल्या उन्हापुढे अगदीच लेचेपेचे आहे, असे मलाही वाटे. पहिल्या वर्षी १२ अंश तापमानाच्या एका लख्ख दिवशी मी खिडकीतील टोमॅटो थेट बाहेर ठेवले आणि संध्याकाळी त्यांच्या पानांवर अगदी ताईंनी वर्णन केले आहेत तसे चट्टे होते. हवा थंड असली तरी पानावर पडणारा प्रकाश थंड नसतो. हे मी दोन्ही देशांत रोपे घालवून शिकले आहे!

वाकलेल्या टोमॅटोविषयीही लिहिते. लावताना खोड खालच्या पानांपर्यंत मातीत आडवे पुरले तर त्या खोडाला मुळे फुटतात, त्यामुळे लांबलेपणाचा तोटा होत नाही. मिरची व वांगी यांच्याबाबत हे करू नये, ती पिशवीत होती तितक्याच खोल लावावीत. रोपे आत असतानाच दिवसातून दोनदा शेंड्यांवरून हलका हात फिरवल्यास, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा, खोडे आखूड व जाड होतात. वाऱ्याचे काम हाताने करण्याचाच हा प्रकार आहे.

तरवेवाला (२ फेब्रुवारी)

इतका खटाटोप वाचून गंमत वाटली. आमच्या घरी भात कापून झाल्यावर मळ्यात गादीवाफा करतात, त्यावर बी फेकतात, वर चार चुडते, म्हणजे माडाच्या सुकलेल्या झावळ्या, आडवी टाकतात आणि उगवण झाली की एकेक चुडत काढून घेतात. पंधरवड्यात शेवटचे चुडत जाते आणि रोप उघडे होते. त्याला कोणी सराव म्हणत नाही. ताई बाजारातून ज्या जुड्या आणत होत्या त्या अशाच उघड्या वाफ्यातील असणार, म्हणून आजवर त्यांना ही अडचण आली नाही. आता मात्र बाजारात ट्रेमधील हरितगृहात वाढलेली रोपेही येतात. ती दिसायला टवटवीत, पण ताईंच्या बाल्कनीतील रोपांच्याच जातकुळीची. विकत घेताना पान दोन बोटांत धरून पाहावे. ते मलमलीसारखे लागले तर घरी आणून आठवडाभर सावलीत ठेवल्याशिवाय लावू नये. थोडे चामड्यासारखे लागले तर त्याच संध्याकाळी लावावे.

परसूवाली, फोंडा (९ फेब्रुवारी)

सर्वांचे मनापासून आभार. चुडते काढण्याची रीत वाचून माझ्या आजीची आठवण झाली. तीही असेच करत असे, आणि मी मात्र तिचे चुडत विसरून काचेची बाल्कनी धरून बसले.

२ तारखेपासून २२ रोपे उत्तरेच्या भिंतीलगत फळीवर ठेवली, कठड्यावर नव्हे. आज त्यांना दहापर्यंत ऊन मिळते आणि एकाही पानावर डाग नाही. रंग किंचित फिकट होऊन पाने जाड लागू लागली आहेत व मिरचीच्या खोडावर जांभळट झाक आली आहे. हे ठीक आहे ना? आधी भाजलेल्या नऊपैकी सात रोपांना नवे शेंडे आले. त्यांतील चार वांगी उतावीळपणे ६ तारखेला वाफ्यात लावली, आणि तेथे नवीच चिंता उभी राहिली. तीन रोपे दुपारी मान टाकतात व संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, परंतु चौथे काल मलूल झाले ते रात्री आणि आज सकाळीही तसेच आहे. पाने अजून हिरवीच आहेत. पाणी वाढवू का?

डोंगरउतार, काणकोण (९ फेब्रुवारी)

पाणी वाढवण्याआधी थांबा. जे रोप संध्याकाळी सावरते त्याला फक्त लावणीचा झटका बसलेला असतो. मुळे बसेपर्यंत चार-पाच दिवस दुपारी त्यावर सावली धरली की पुरे. आमच्याकडे त्यासाठी केळीच्या सोपटाचा वीतभर तुकडा दुमडून रोपाच्या पश्चिमेला खोचतात. तो हळूहळू सुकून आक्रसतो आणि सावली आपोआप कमी होत जाते.

मात्र हिरव्या पानांनिशी मलूल होऊन सकाळीही न सावरणारे वांगे पाहिले की मला जिवाणूजन्य मर रोगाचा संशय येतो. आपल्या आम्लधर्मी, ओलसर जमिनीत तो पुष्कळ आढळतो आणि भाजलेल्या किंवा मुळे दुखावलेल्या रोपात सहज शिरतो. परीक्षा घरी करता येते. रोप उपटून जमिनीलगतच्या खोडाचा दोन इंचांचा तुकडा धारदार सुरीने कापावा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात, कापलेले टोक पाण्यात बुडेल असा, हलू न देता धरावा. काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर मर आहे. त्यावर औषध नाही; ते रोप मातीसकट काढून जाळावे, सुरी उकळत्या पाण्यात घालावी आणि त्या वाफ्यात वांगी, मिरची, टोमॅटो यांपैकी काहीही न लावता तांबडी भाजी (लाल माठ) किंवा मका घ्यावा. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या रोगाला सहसा बळी न पडणाऱ्या वांग्याच्या जाती काढलेल्या आहेत, पुढच्या हंगामासाठी तेथे चौकशी करावी.

फिकट रंग व जांभळट खोड याची काळजी नको, ती कणखरपणाचीच खूण आहे. परंतु त्या अवस्थेत रोपे फार दिवस ठेवूही नयेत. पिशवीतच ताण सोसत राहिलेले रोप आखडते, चार पानांवर फूल धरते आणि मग वाफ्यात गेल्यावरही फोफावत नाही.

हरमलच्या सहा रोपांसाठी एवढेच की दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा पानांच्या कडा करपवतो. शेवटचे तीन-चार दिवस ती बहिणीच्या घरीच, पण घराच्या पूर्वेच्या बाजूला काढावीत, वाफाही शक्यतो आडोशाला करावा, आणि वारा जोराचा असेल त्या दिवशी संध्याकाळी पाने गोड्या पाण्याने धुवावीत. किनाऱ्याची माती रेताड असल्याने तेथे पाणी थोडे पण वारंवार लागेल.

जाता जाता आमच्या खोला मिरचीविषयी. ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतात, त्यामुळे आमच्या रोपांना मे महिन्याचे ऊन आणि लगेच जूनचा पाऊस अशा दोन टोकांना तोंड द्यावे लागते. उन्हाला सरावलेले रोपही पहिल्या धुवाधार सरीत आडवे होते. म्हणून पावसाळी लावण करायची असेल तर वळवाच्या एक-दोन सरी रोपांना रोपवाटिकेतच खाऊ द्याव्यात, वर प्लास्टिक ओढू नये. आणि लावल्यावर बुंध्याशी पालापाचोळा पसरावा, म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

परसूवाली, फोंडा (१० फेब्रुवारी)

आज सकाळी खोड कापून पेल्यात धरले. मुलगा घड्याळ लावून बसला होता. चौथ्या मिनिटाला अगदी बारीक, ताकासारखा एक धागा खाली उतरला आणि मग दुसरा. रोप जाळले, सुरी उकळली, तो वाफा तांबड्या भाजीला दिला. त्याच वाफ्यातील बाकी तीन वांग्यांवर सोपटाच्या टोप्या घातल्या आहेत, पण त्यांच्यावर फार आशा ठेवलेली नाही. २२ पैकी हरमलची सहा सोडून बाकीची १६ रोपे आता दुसऱ्या टोकाच्या, गेल्या वर्षी अळसांदे (चवळी) घेतलेल्या वाफ्यात जातील, शुक्रवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. हरमलची सहा रविवारी बसने नेईन.

कुळागर, डिचोली (१० फेब्रुवारी)

बसमध्ये खिडकीजवळ धरू नका. तासाभराच्या त्या वाऱ्यापुढे आठ दिवसांचा सराव पुरा पडत नाही. पिशव्या एका खोक्यात उभ्या ठेवून वर ओले फडके टाकावे, आणि आदल्या रात्री पाणी भरपूर घालावे.

परसूवाली, फोंडा (१० फेब्रुवारी)

खोके मिळाले, काका. फडके आजीच्या जुन्या लुगड्याचे आहे.